पडायला शिकवणारे सर

"हिला पाडायला शिकवा, सर. पडायला शिकवू नका," प्रयागबाई हॉलच्या दारातूनच म्हणाल्या आणि त्यांनी धाकट्या लेकीला, छकुलीला, पुढं ढकललं.

वालचंदनगरला ज्युदो शिकवण्यात रामसरांचं निम्मं आयुष्य गेलं, पण असली मागणी कुणी केली नव्हती. करणार तरी कोण? गेल्या उसाच्या हंगामात प्रयागबाईंचा थोरला, अविराज, निरवांगीच्या वाटेवर मोटरसायकलवरून पडला तो उठलाच नाही. सरांचा सगळ्यात तरबेज गडी. पडताना मार बसू नये म्हणून मॅटवर हाताची अशी थाप मारायचा, की हॉल दणाणायचा. ती थाप सरांना अजून ऐकू येते. पोरं घरी गेली, की हटकून येते. सांगणार कुणाला? लोक म्हणतील, मास्तर खुळावला.

"ताई, सुरुवात पडण्यापासूनच असते," सर म्हणाले. "जपानात ज्यांनी ज्युदो काढला, त्यांनी जुन्या झुंजीतले जीवघेणे डाव बाजूला ठेवले. समोरच्याला जपायचं, मगच पाडायचं. पडता येत नाही त्याच्याशी आम्ही कुणाला खेळू देत नाही."

"माझ्या लेकराला येत हुतं की पडायला. तुमीच म्हणायचा, ह्याला काय हुत न्हाय."

म्हणायचे खरे. चारचौघांत, अविराजच्या पाठीवर हात ठेवून. सरांची मान खाली गेली.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "रस्ता म्हणजे मॅट नव्हे. हितं पाडणारा पडणाऱ्याची बाही शेवटपर्यंत धरतो, डोकं आपटू नये म्हणून. तिथं त्याला धरायला कुणी नव्हतं."

छकुली चपला काढून केव्हाच मॅटवर गेली होती. अंगात भावाचाच ज्युदोचा पांढरा ड्रेस, ढगळ.

"पाडा मग," शेवटी प्रयागबाई भिंतीला टेकून बसत म्हणाल्या. "मी हितंच हाय."

सरांनी पोरीला उकिडवं बसवलं, हनुवटी छातीला लावायला सांगितली. मग बाही धरून हळूच मागं सोडलं. प्रयागबाईंनी डोळे गच्च मिटले. छकुलीनं हात आपटला. थाप कसली, कच्चीच होती.

ती पडल्या पडल्या हसली, उठायला धडपडली, पण तिला उठता येईना.

"सर, सोडा की आता."

बाहीवरची सरांची मूठ काही उघडत नव्हती.

प्रयागबाईंनी डोळे उघडले, दोघांकडं पाहिलं.

"ऱ्हाऊ द्या, सर," त्या म्हणाल्या. "धरा अजून जरा येळ."