अठराशे चाळीस माणसांची गल्ली

छापखान्याच्या गल्लीत अठराशे चाळीस माणसं कामाला आहेत, हे ती गेली तीन वर्षं स्वतःच्या हाताने तक्त्यात भरत होती. शहराच्या सांख्यिकी विभागात ती सहायक होती. कोणत्या भागात किती उद्योग आणि किती रोजगार, याची एक पुस्तिका तिथून दरवर्षी निघे आणि त्यावरून रस्ते, दिवे, बसगाड्या ठरत. घरात तिला सगळे आकडेवाली म्हणत. हे नाव ठेवलं होतं तिच्या मामाने. तो शहराची बस चालवायचा.

त्या वर्षी पुस्तिका बघून परिवहन खात्याने त्या गल्लीला नवी बस दिली आणि ती नेमकी मामाच्या वाट्याला आली. महिन्याभराने तो जेवायला आला, तेव्हा ताटावरून मान वर न करता म्हणाला, "तुझी अठराशे माणसं उतरतात कुठे गं?"

"म्हणजे?"

"शेवटच्या थांब्यावर तिघं उतरतात. त्यातला एक डोळा लागला म्हणून पुढे आलेला असतो."

आई हसली. आकडेवालीचा घास मात्र हातातच राहिला. बेरीज तर तिची कधी चुकत नसे. दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती मामाच्या मागच्या सीटवर जाऊन बसली.

गल्ली बोटभर लांबीची होती. बंद पडलेला छापखाना, वह्यांचं दुकान, छत्र्या दुरुस्त करणारा एक म्हातारा आणि वह्यांच्या दुकानावर एका सफाई कंपनीची पाटी. ती जिना चढून गेली. खोलीत दोन टेबलं, एक टेलिफोन, कोपऱ्यात बादल्यांची उतरंड. समोरची सगळी भिंत किल्ल्यांनी भरलेली होती आणि प्रत्येक किल्लीला एकेका इमारतीच्या नावाची कागदी चिठ्ठी बांधली होती. टेलिफोनवरच्या बाईंनी तिला खुर्ची दिली.

"तुमच्याकडे किती माणसं कामाला आहेत?" आकडेवालीने विचारलं.

"इथे? मी आणि हिशेबनीस. मालक आले तर तीन."

"मग अठराशे चाळीस कुठे आहेत?"

"ते आमचेच की," बाईंनी भिंतीकडे हात केला. "तुमच्या फॉर्मात विचारता, कंपनीत कामगार किती. मी खरं तेच लिहिते. पत्ता विचारता, तोही खराच लिहिते."

आकडेवाली त्या किल्ल्यांकडे बघतच राहिली. कोणीच खोटं बोललं नव्हतं. तक्त्याखाली बारीक अक्षरात एक ओळ असायची: 'रोजगार उद्योगाच्या नोंदणीकृत पत्त्यावर धरला आहे.' त्या ओळीतली वेलांटीसुद्धा तिने एकदा सुधारली होती. उद्योग म्हणजे अख्खी कंपनी आणि आस्थापना म्हणजे जिथे प्रत्यक्ष काम चालतं ती एकेक जागा, हा फरक तिने नोकरीच्या परीक्षेत लिहून पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. पण इथे एक उद्योग होता आणि त्याच्या जागा भिंतीवर टांगलेल्या होत्या.

"या सगळ्या कुठकुठल्या आहेत, सांगाल?"

"बसा. आज फोन कमी आहेत."

दुपारपर्यंत दोघींनी यादी केली. कोणती किल्ली कुठली, तिथे माणसं किती. एकशे बारा जागा झाल्या. बेरीज आली दोन हजार एकशे सहा.

"ही कशी काय वाढली?"

बाईंनी पुन्हा बेरीज केली. तेवढीच आली. "बेरजेत काही नाही," त्या म्हणाल्या. "पहाटे टेकडीवरच्या हॉस्पिटलच्या रस्त्याला जाऊन उभ्या राहा, म्हणजे कळेल."

पहाटे त्या चढणीवर एकही वाहन नव्हतं. बायका आणि काही पुरुष हातात पिशव्या घेऊन रांगेने चढत होते. आकडेवाली निळा एप्रन घातलेल्या एका बाईंबरोबर चालू लागली.

"घरून कधी निघालात?"

"पावणेचारला. पहिली बस सहाची, आणि साडेपाचला माझा वॉर्ड पुसून व्हावा लागतो."

"इथून मग घरी?"

"दुपारी कॉलेजात असते की. पाच मजले."

"म्हणजे दोन्ही याद्यांत तुमचं नाव असणार."

"नाव दोनदा असेल, ताई. पाय दोनच आहेत," त्या म्हणाल्या आणि कठड्याला टेकून त्यांनी थोडा दम खाल्ला.

तेव्हा तिला उलगडा झाला. कामं दोन हजार एकशे सहा होती आणि माणसं अठराशे चाळीस. बसला या दोन्ही आकड्यांची गरज होती, कारण दुपारी दुसऱ्या कामावर जायलाही त्याच माणसांना वाहन लागणार होतं.

तिने चार पानी टिपण लिहून साहेबांपुढे ठेवलं.

"तीन वर्षांत कोणाची तक्रार आली नाही," साहेब म्हणाले.

"तीन वर्षं तिथे बस नव्हती, साहेब."

त्यांनी टिपण पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग चष्मा काढून हळूच विचारलं, "असं आणखी कुठे झालं असेल?" त्यांच्या तोंडून हा प्रश्न तिने पहिल्यांदाच ऐकला. पुढचे दोन महिने दोघं जुने तक्ते उपसत बसले.

बस टेकडीवर वळायला चार महिने लागले. तिची वेळ पावणेपाचची ठरली. भाचीने माझी झोप खाल्ली, असं मामा येईल-जाईल त्याला सांगू लागला. मात्र पंधरा दिवसांत कोण कोणत्या वॉर्डात जातं, हे त्याला तोंडपाठ झालं होतं.

गल्लीतली बस बंद झाली. हे आपल्या तोंडाने सांगावं म्हणून आकडेवाली पुन्हा जिना चढून गेली.

"वीस मिनिटं चालते आता," टेलिफोनवरच्या बाई म्हणाल्या. "छान होती हो ती बस. रिकामी, खिडकीची जागा मिळायची."

आकडेवाली अजून दारातच उभी होती. बाईंनीच खुर्ची पुढे सरकवली.

"ते राहू द्या. आमच्या वरच्या मजल्यावर एक बाई घरूनच तीन कंपन्यांसाठी भाषांतर करतात. नोकरी एकीकडेही नाही. त्यांना तुम्ही कशात धरता?"

आकडेवालीने पिशवीतून वही काढली. "त्या आत्ता घरी असतील का?"