कॉम्प्युटरमधली चेटकीण

औषध भांडाराच्या खिडक्यांना बाहेरून इतकी माणसं चिकटली होती, की कुणाला वाटावं आत औषधं फुकट वाटतायत. खरं तर औषधं वाटलीच जात नव्हती, आणि सगळी अडचण तीच होती. माणसं जमली होती ती कॉम्प्युटरच्या अंगातलं भूत उतरताना पाहायला. मासळीवाल्या बायका टोपल्या डोक्यावर तशाच घेऊन उभ्या होत्या. सायकल-टॅक्सीवाल्यांनी गिऱ्हाइकं वाटेत उतरवली होती. मलावी सरोवराच्या काठावरच्या चिवोला गावाला असा फुकटचा खेळ रोज कुठे मिळतो?

आत संदेष्टे जेरेमाया कालुआ पांढराशुभ्र सूट घालून उभे होते. गाव त्यांना पापा म्हणायचं. पापांनी आजवर वांझपण, दारूचं व्यसन आणि एका मिनीबसचा गिअरबॉक्स बरा केला होता, असं पापाच सांगत.

"डोळे मिटा," पापा गरजले. "उघड्या डोळ्यात सैतान शिरतो."

सगळ्यांनी डोळे मिटले. भांडाराचे व्यवस्थापक ग्रेशियन म्सिस्का यांनी तर इतके घट्ट मिटले की गाल वर आले.

"हे दुष्ट आत्म्या, तू हार्डवेअरमध्ये असशील तर बाहेर ये. सॉफ्टवेअरमध्ये असशील तरी बाहेर ये. क्लाउडमध्ये लपला असशील तर ध्यानात ठेव, माझा बाप ढगांच्याही वर बसतो."

"आमेन," खिडक्या म्हणाल्या.

पापांनी बाटलीतलं पवित्र तेल हवेत शिंपडलं. त्यातला एक थेंब तिवोंगे सिलुंग्वेच्या उजव्या डोळ्यात गेला. तिवोंगे भांडाराची फार्मासिस्ट. ती देव मानणारी, रविवारचं चर्च न चुकवणारी बाई. डोळे उघडायचा तिचा मुळीच विचार नव्हता. पण डोळ्यात तेल गेल्यावर श्रद्धा थोडी बाजूला राहते. तिने डोळा चोळला, किलकिला केला, आणि तिला दिसलं की पापांचा भाचा ब्लेसिंग्ज, जो भांडाराचे कॉम्प्युटर सांभाळायचा, तो एका हाताने कॉम्प्युटरच्या पडद्याला धरून प्रार्थना करतोय आणि त्याचा दुसरा हात माउसवर आहे. त्याने एक फोल्डर उघडलं, एका फाइलवर दोनदा टिचकी मारली, आणि पडद्याच्या वरच्या पट्टीत 'औषधवाटप' हा हरवलेला शब्द हजर झाला.

"बाहेर पड," पापा ओरडले. "पडला. डोळे उघडा."

डोळे उघडले. टाळ्या, गाणी, दोन बायकांना भोवळ. म्सिस्कासाहेबांनी रुमाल काढला.

या 'औषधवाटप'वर काठावरच्या सगळ्या छोट्या दवाखान्यांचा जीव होता. स्प्रेडशीटच्या प्रोग्रॅमला जोडलेलं ते एक छोटंसं ॲड-इन. शिल्लक किती, कुठल्या खोक्याची मुदत आधी संपते, कुठे ताप जास्त पसरलाय, हे सगळं बघून ते सांगायचं की कुणाला काय पाठवायचं. गेल्या महिन्यात ब्लेसिंग्जने सगळ्या कॉम्प्युटरवर ऑफिसचं सॉफ्टवेअर काढून नव्याने टाकलं, आणि त्या दिवसापासून ॲड-इन बेपत्ता. तिवोंगेने विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "सिस्टर, हा आर्किटेक्चरचा प्रश्न आहे." तिला वाटलं, असेल बाबा. तेव्हापासून ती हाताने हिशेब करत होती. पावसाळा सुरू होता, मलेरियाच्या गोळ्यांसाठी परिचारिकांचे फोन येत होते, आणि एका दवाखान्याला गोळ्यांऐवजी बँडेजचा ढीग गेला होता.

त्या दिवशी चमत्कार जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकला. मग नेहमीप्रमाणे वीज गेली. वीज आली, कॉम्प्युटर सुरू झाले, 'औषधवाटप' गायब.

"अंधाराचा आत्मा आहे," पापांनी फोनवर निदान केलं. "अंधार झाला की परत येतो." चिवोल्यात वीज रोजच जायची, त्यामुळे त्या आत्म्याला राहायला याहून सोयीचं गाव नव्हतं. पापांच्या फेऱ्या वाढल्या. प्रत्येक फेरीला भांडाराच्या खर्चाने त्यांच्या गाडीचं पेट्रोल, येताना कोंबडी, जाताना तांदळाचं पोतं.

पण चमत्कार वारंवार करावा लागला की लोक कंटाळतात, हे पापांना ठाऊक होतं. म्हणून पुढच्या खेपेला त्यांनी नवी बातमी आणली.

"आत्मा बाहेरून येत नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "कुणीतरी त्याला आत आणतंय. रोज सकाळी या यंत्राला जो हात पहिला लागतो, तो हात स्वच्छ नाही."

सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. रोज सकाळी यंत्रांवरची धूळ पुसायची ती मायी न्याकाउंगा. भांडाराची झाडलोट करणारी, म्हातारी, विधवा, चुलीच्या धुराने डोळे कायमचे लाल. चेटकीण ठरायला आणखी काय लागतं?

"शुक्रवारी तिला माझ्या प्रार्थना शिबिरात आणा," पापा म्हणाले. "कबूल करेपर्यंत उपास."

तिवोंगेला जुनी गोष्ट आठवली. गेल्या वर्षी त्या शिबिरात नेलेली एक म्हातारी बाहेर आली तोवर तिचं घर शेजाऱ्यांनी जाळून टाकलं होतं. पापांनी त्यावरही प्रार्थना केली होती. घर काही परत उभं राहिलं नाही.

ती म्सिस्कासाहेबांकडे गेली.

"साहेब, त्या दिवशी मी ब्लेसिंग्जचा हात माउसवर पाहिलाय."

"प्रार्थनेत डोळे उघडे ठेवले होतेस?" साहेबांनी विचारलं. त्यांच्या दृष्टीने गुन्हा तो होता.

"तेल गेलं होतं डोळ्यात. साहेब, मायी या भांडारात तुमच्या आधीपासून आहे. एकदा नीट तपासू तरी."

"तपासायचं काय? मी ब्लेसिंग्जला विचारलं, त्याला कारण सापडत नाही. शिकलेला मुलगा आहे तो. कारण सापडत नाही, म्हणजे ते या जगातलं नाही."

साहेबांनी व्यवस्थापनाची पदवी घेतली होती. तिच्या कुठल्या वर्षाला हे शिकवतात, ते तिवोंगेला विचारावंसं वाटलं. तिने विचारलं नाही.

दुपारी सगळे मक्याच्या पिठाची न्सिमा खायला गेले, तेव्हा ती पहिल्या कॉम्प्युटरसमोर बसली. ब्लेसिंग्जने उघडलेलं फोल्डर तिने शोधलं. फाइल तिथेच होती. तिने दोनदा टिचकी मारली. वरच्या पट्टीत 'औषधवाटप' आलं. ना तेल, ना आमेन. तिने प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला. गेलं.

म्हणजे ब्लेसिंग्ज फाइल तात्पुरती उघडत होता. प्रोग्रॅम बंद झाला की तीही बंद. पण मग आधी ती आपोआप कशी यायची? तिवोंगेने प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये ॲड-इनची यादी काढली. यादी रिकामी. बरोबर आहे, सॉफ्टवेअर नव्याने टाकलं, जुनी नोंद पुसली गेली. तिने फाइल यादीत घातली, पुढच्या चौकटीत बरोबरची खूण केली. 'औषधवाटप' आलं. ती खुशीत हसली, प्रोग्रॅम बंद केला, उघडला.

नव्हतं.

यादीत नाव होतं, खूण होती, आणि वर काहीच नव्हतं. भांडारात ती एकटी होती, पत्र्यावर पाऊस वाजत होता, आणि खोटं कशाला सांगा, तिने खुर्ची कॉम्प्युटरपासून मागे सरकवली. क्षणभर तिला वाटलं, पापा खरं बोलत असतील तर?

"काय गं पोरी, भूत पाहिलंस?" मागून आवाज आला. मायी दारात उभी होती, हातात झाडू.

"मायी, तुम्ही यात काही केलं नाहीत ना?" तोंडून निघून गेलं, आणि तिवोंगेला स्वतःचीच लाज वाटली.

मायीने झाडू भिंतीला टेकवला. "मला चेटूक येत असतं तर आधी माझं गळकं छप्पर नसतं का दुरुस्त केलं?" थोडं थांबून ती म्हणाली, "काल नातवाला शाळेत कुणी शेजारी बसू देईना. तुला काही सापडणार असेल तर शोध. नसेल तर सांग, मी आजच बहिणीकडे पलीकडच्या गावी निघून जाते."

"थांबा मायी. जाऊ नका."

तिवोंगेने स्वतःला एक साधा प्रश्न विचारला. पेशंटचं औषध लागू पडत नसेल तर मी काय करते? आधी बाटली फिरवून तिच्यावरची चिठ्ठी वाचते. तिने फाइलवर उजवी टिचकी मारली आणि तिचे गुणधर्म उघडले. अगदी तळाशी, बारीक अक्षरात एक ओळ होती. ही फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आली आहे, सुरक्षेसाठी ती अडवून ठेवली असू शकते. शेजारी एक छोटी चौकट: अडवणूक काढा.

ब्लेसिंग्जने फाइल जुन्या ईमेलमधून पुन्हा उतरवून घेतली होती. इंटरनेटवरून आलेल्या अनोळखी फाइलला प्रोग्रॅम आपण होऊन आत घेत नव्हता. दारावरचा पहारेकरी नीट काम करत होता, आणि गाव त्यालाच भूत म्हणत होतं.

तिने चौकटीत खूण केली. प्रोग्रॅम बंद, उघडला. 'औषधवाटप' होतं. उठून तिने भिंतीवरचं मुख्य बटण बंद केलं, सगळा अंधार होऊ दिला, पुन्हा चालू केलं. होतं. तिने दुसरा कॉम्प्युटरही तसाच दुरुस्त केला. तिसऱ्याकडे हात नेला आणि मागे घेतला. तो तसाच राहू दे, तिने ठरवलं.

शुक्रवारी गर्दी दुप्पट. पापांची गाडी मायीला न्यायला दारात उभी. तिवोंगे पुढे झाली.

"पापा, नेण्याआधी एकदा प्रार्थना करा. या तिसऱ्या यंत्रावर. सगळ्यांना बघू दे."

पापांना गर्दी दिसली की नाही म्हणवत नसे. "डोळे मिटा."

"एकच विनंती. ब्लेसिंग्ज आमच्याबरोबर खिडकीशी उभा राहील. देवाला माउस लागत नाही."

कुणीतरी मासळीवाली फिसकन हसली. पापांनी भाच्याकडे पाहिलं, भाच्याने जमिनीकडे. प्रार्थना सुरू झाली. हार्डवेअर झालं, सॉफ्टवेअर झालं, क्लाउड झाला. बाटली संपली. पापांचा सूट काखेत घामाने ओला झाला. पडदा जसा होता तसाच.

"इथे अविश्वास फार आहे," पापा म्हणाले.

"मग अविश्वासानेच करून बघू," तिवोंगे म्हणाली. "मायी, या. बसा खुर्चीवर."

मायीने आयुष्यात माउस धरला नव्हता. तिवोंगे नुसती बोलत राहिली: इथे उजवी टिचकी, आता खालची ओळ, त्या चौकटीत खूण. आता यादी उघडा, फाइल निवडा, पुढे खूण. पट्टीत 'औषधवाटप' आलं. खिडक्यांतल्या माना पुढे आल्या.

"आता बटण बंद करा, साहेब. तुमच्याच हाताने."

म्सिस्कासाहेबांनी वीज बंद केली. चालू केली. मायीने प्रोग्रॅम उघडला. 'औषधवाटप' जागेवर होतं.

"ब्लेसिंग्ज," तिवोंगे म्हणाली, "तूच सांग."

तो म्हणाला, "मला जमत नव्हतं. दोनदा टिचकी मारून उघडायचो, वीज गेली की जायचं. येत नाही म्हटलं असतं तर नोकरी गेली असती. मामांना सांगितलं. मामा म्हणाले, तुला येत नाही हे कुणाला कशाला कळायला हवं, ते आपण सैतानावर घालू."

"आणि माझ्यावर?" मायीने विचारलं.

ब्लेसिंग्जने मामांकडे वळून पाहिलं. पापा तोवर गाडीत बसले होते. दुसऱ्या गावी एका ट्रान्सफॉर्मरला बाधा झाल्याचं त्यांना अचानक आठवलं. मायीसाठी आणलेली गाडी त्यांनाच घेऊन गेली.

म्सिस्कासाहेब हात चोळत पुढे आले. "चला, झालं ते झालं, मायी. कारण सापडलं, तुमच्यावरचा डाग गेला. विसरून जा."

मायी खुर्चीवरून उठली. "साहेब, एक विचारू? या पोरीला ती खूण सापडली नसती, तर मी चेटकीण होते का?"

साहेबांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. खिडकीतला एकेक जण सायकलकडे वळला.

मंडळी, ब्लेसिंग्ज आणि पापा दोघांना सोडून द्या. त्यांच्यासारखे गावोगाव असतात. मायीचा प्रश्न मात्र सोडू नका. एखादी गोष्ट का बिघडली हे आपल्याला कळत नसेल, तर त्याचा अर्थ एवढाच, की आपल्याला ते अजून कळलेलं नाही. तिथे भूत घुसवू नका, तेल शिंपडू नका, आणि एखाद्या म्हातारीला तर मुळीच उभं करू नका. 'मला माहीत नाही' असं म्हणा आणि शोधायला बसा. शोधून सापडलं नाही, तरीही ती निर्दोषच आहे.