गिऱ्हाइकाचा कोट

अनुदान मिळालं तर मुलीचं कॉलेजचं पुढचं वर्ष, नाहीतर घरी बसायचं. सगळा मामला एवढाच. तिनं बापाला परोपरीनं समजावलं होतं, "बाबा, हे पैसे सरकार गरज बघून देतं. साहेब घर बघायला येतील. आहे तसंच दाखवायचं."

पण शिंपीबुवा कसले ऐकतात! उभ्या जन्मात त्यांना गरज बघून कोणी दमडी दिली नव्हती. कापडवालासुद्धा उधार द्यायचा तो दुकानाचा थाट बघून. "गरज दाखवली की लोक दार लावून घेतात, पोरी," ते म्हणाले. "तुला अजून जग कळायचंय."

साहेब यायच्या दिवशी मुलगी कागदांच्या झेरॉक्स काढून घरी परतली, तर साहेब शेजाऱ्यांकडून उचलून आणलेल्या सोफ्यावर बसून चहा पितायत, आणि समोर बाप गिऱ्हाइकाचा नवाकोरा कोट घालून नवरदेवासारखा उभा!

"तुमचं बरं चाललंय की," साहेब कागदावर काट मारत म्हणाले. "खरी गरजू मुलं पुष्कळ आहेत. त्यांना मिळू द्या."

खोटं कशाला बोला, शिंपीबुवांना क्षणभर गुदगुल्याच झाल्या. मग मुलीचा चेहरा दिसला आणि त्यांचं धाबं दणाणलं.

"साहेब, अहो, हा कोट गिऱ्हाइकाचा आहे! सोफा शेजाऱ्यांचा!"

साहेब खो खो हसले. "कालच्या घरी तर फ्रिज आडवा करून पलंगाखाली सारला होता. आम्ही आलो की सगळ्यांचं सगळं दुसऱ्याचंच असतं!"

उठता उठता त्यांनी कोटाची बाही चिमटीत धरून पाहिली. "हात मात्र छान आहे हं तुमचा. मलाही असाच एक शिवा. कापड तुमच्याकडचंच घाला. पैशाचं बघू सावकाश, तुम्हाला कुठे घाई आहे!"

आणि शिंपीबुवांनी, मेली सवयच ती, मशीनवरचा टेप उचलला. साहेबांनी ऐटीत हात पसरले.

साहेब गेल्यावर मुलीनं बापाच्या अंगातला कोट अलगद उतरवला, चुरगळू नये म्हणून. ना रडली, ना भांडली. चांगली कडाकडा भांडली असती तर बरं, असं बापाला वाटलं. नजर वर करायची त्याची हिंमत होईना.

तिनं कात्री घेतली आणि त्याच्या शेजारी येऊन बसली.

"साहेबांचा कोट मला कापायला शिकवा, बाबा. आता दिवसभर घरीच आहे मी."