शेवाळाची रेघ

थॉर्नसीच्या किनाऱ्यावर भर ऑगस्टातही कानात वारं शिरतं, म्हणून एनिड आधी पट्ट्यापट्ट्यांचा कापडी आडोसा वाळूत ठोकायची आणि मगच नवऱ्याला घडीच्या खुर्चीत बसवायची. लग्न झाल्यापासून दर उन्हाळ्यात हेच. आता विल्फचे गुडघे कामातून गेले होते. धक्क्याचा उतार संपतो तिथलीच वाळू त्याला गाठता यायची, आजूबाजूला सगळे खडक. ही जागा गेली की त्याचा समुद्र संपला.

आणि यंदा नेमक्या त्याच जागेवर नव्या हॉटेलानं पांढऱ्या गाद्यांचे पलंग मांडले होते.

एनिडनं पलंगांच्या मधोमध आडोसा ठोकायला घेतला, तसा ज्युलियन नावाचा मॅनेजर धावत आला.

"आजी, ही जागा आमच्या पाहुण्यांची."

"आजी असेन माझ्या नातवंडांची. समुद्र कधी विकत घेतलात?"

"समुद्र नाही, वाळू. भरतीनं टाकलेली ती शेवाळाची रेघ दिसते ना? तिच्या वर आमचं, खाली सगळ्यांचं. तिथे खुशाल बसा."

"पक्कं?"

"पक्कं. कोणालाही विचारा."

एनिडनं विल्फची खुर्ची उचलली, रेघेखालच्या ओल्या वाळूत मांडली आणि स्वतःच तीत बसली. ज्युलियन गालात हसला. भरती चढत होती, सुंठीवाचून खोकला जाणार होता.

पाणी घोट्यांना लागलं. एनिडनं थर्मासमधला चहा ओतून घेतला. पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं.

"एनिड, चल ना गं, लोक बघताहेत," उतारावरच थांबलेला विल्फ म्हणाला.

"बघू देत. आज उठले तर उद्या तुला त्या उतारावरूनही हाकलतील."

विल्फनं पँट दुमडली. मग कठडा धरत, शिव्या घालत खाली आला आणि तिच्या शेजारी पाण्यात बसला. एनिडला इतकं बरं वाटलं की थंडीचं भानच राहिलं नाही.

"तुझ्या हट्टापायी मरेन मी एक दिवस."

"मर. आधी सँडविच खा, अंड्याचं आहे."

उधाणाचे दिवस, त्यात वारा किनाऱ्याकडे. दोघांच्या मांड्यांवरून एक लाट थेट पलंगांखाली गेली, मागून दुसरी. गाद्या भिजल्या, पाहुणे चपला शोधत पळाले. पाणी मागे सरकलं तेव्हा ताज्या शेवाळाची रेघ पलंगांच्याही मागे, धक्क्याला लागून पडली होती.

एनिड निथळत उठली आणि पलंगांच्या मधोमध आडोसा ठोकू लागली. ज्युलियननं रेघेकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"हे आजच्यापुरतंच हं," तो म्हणाला.

"उद्याचं उद्या बघू. आज तुझे पलंग आमच्या वाळूत आहेत. विल्फला पाय पसरायचेत, तेवढा हा पलंग सरकव."