एम.डी. लिहिलेली पाटी

मी पाटी बोलतेय. वर्ध्याजवळच्या सेलूला बाजाराच्या मागच्या गल्लीत हिरालाल जयस्वालांचं घर आहे ना, त्यांच्या दारावरची. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं. तुम्ही त्या गल्लीतून गेला असाल तर मला वाचलंच असेल, कारण वाचल्याशिवाय कोणी पुढं जातच नसे.

चिंधू पेंटरनं मला रंगवलं तेव्हा हिरालालची मुलगी आचल डॉक्टरकी शिकायला जॉर्जियाला नुकतीच पोचली होती. तिचं सामानही नीट लागलं नसेल तिथं. पण किराणा दुकान नोकरावर सोडून हिरालाल पेंटरच्या डोक्यावर उभे.

नाव लिहून झालं. चिंधूनं विचारलं, "डिग्री काय लिवू, शेठ?"

हिरालालनं मोबाइलमधला कॉलेजचा कागद पाहिला. "एम.डी. लिव्ह."

चिंधूचा ब्रश थांबला. "पयल्या झटक्यात एम.डी.? आपल्या चौकातले डॉक्टर तर इतक्या वर्षाचे एम.बी.बी.एस.च हायेत."

"फॉरेन हाये बाबा ते. तिथं सीधं एम.डी.च देते."

आता खरं काय ते ऐका. तिकडं पहिल्याच डिग्रीला एम.डी. म्हणतात. ती इथल्या एम.बी.बी.एस.च्या बरोबरीची. आपल्याकडं एम.डी. म्हणजे त्याच्या पुढचं, मोठ्या डॉक्टरचं शिक्षण. हे त्या दोघांना ठाऊक नव्हतं, आणि मला कोण सांगणार? माझ्यावर जे लिहिलं त्यानं मी फुगले.

आचलच्या आईनं, रुख्मिणीबाईंनी, मला हळदकुंकू लावलं, पण कुरकुरत. "पोरगी शिकून तर येऊ द्या. आतापासून काऊन लावता?"

"लोकाईले सवय होऊ दे नावाची," हिरालाल म्हणाले.

दारावर राहिल्यानं मला आतलं-बाहेरचं सगळंच ऐकू येई. ऐकू नये तेही. आचलचा फोन आला की रुख्मिणीबाई ओट्यावर येऊन बसत, आत रेंज नसायची म्हणून. पोरगी बारावीपर्यंत मराठीत शिकलेली. तिथं सगळं इंग्रजीत. शिकवणारे भराभर बोलत, मुलं हसली की ही पण हसे, कशाला ते कळत नसे. पुढं दवाखान्यात जायला लागली तर पेशंट तिसरीच भाषा बोलत.

"आई, वर्गात इंग्रजी, पेशंटजवळ जॉर्जियन, अन् रडाले मराठी," ती एकदा म्हणाली. रुख्मिणीबाई हसल्या, अन् फोन ठेवून पदरानं डोळे पुसले.

हिरालाल आले तर म्हणाल्या, "मजेत हाये पोरगी."

शिक्षण संपवून आचल परत आली तेव्हा गल्लीत पेढे वाटले. पण तिकडं शिकून आलेल्याला इथं आणखी एक परीक्षा द्यावी लागते. ती पास झाल्याशिवाय साधी तापाची गोळीसुद्धा लिहून देता येत नाही. आचलनं परीक्षा दिली. नापास झाली.

हे घरातल्या तिघांना माहीत आणि चौथी मी. आचल म्हणाली, "बाबूजी, पाटी काढा." हिरालाल म्हणाले, "काढली तर लोकं विचारतीन. राहू दे. पुढच्या वेळी पास होशीनच." मला खरं सांगायचं तर बरं वाटलं. दारावरून उतरायचं कोणाला असतं?

मग तो रविवार आला. समोरचे चंद्रभान काका छातीवर हात ठेवून आले, मागं त्यांच्या विमलाबाई. काका शेतीवाला माणूस, कधी आजारी न पडलेला. आल्या आल्या ओट्यावर बसले.

"आचल, पाह्य बरं बाई. सकाळपासून जीव घाबरून राह्यला. जबडाबी वढून राह्यला."

आचलनं त्यांच्या कपाळावरचा घाम पाहिला, नाडी धरली, आणि तिचा चेहरा उतरला. "काका, गाडी बोलावते. आत्ताच्या आत्ता वर्ध्याले चला. मोठ्या दवाखान्यात."

"वर्ध्याले काऊन? तिथं जाऊन लाइनीत बसू? घरासमोर एम.डी. असून?" काकांनी माझ्याकडं बोट केलं. "चौकातल्या डॉक्टरकडं बी नाई गेलो मी. म्हटलं, तो एम.बी.बी.एस., आपली पोरगी एम.डी. तू वर्ध्यावरून आली की पाह्यशीन म्हणून वाट पाह्यत होतो."

ती सकाळी त्या परीक्षेच्या क्लासला वर्ध्याला गेली होती. म्हणजे इतका वेळ काका नुसते बसून होते.

"काका, उठा ना."

"अवो, एखादं इंजेक्शन दे, झालं."

"मले देता येत नाई, काका!" आचल ओरडलीच. गल्लीतल्या बाया दारात आल्या. "मी डॉक्टर नाई अजून. नापास झाली मी. अन् ते एम.डी. तुमाले वाटते ते नाई. पाया पडते तुमच्या, चला."

हिरालाल दुकानातून धावत आले होते. त्यांनी ते ऐकलं. गाडी आली तसं काकांच्या काखेत हात घालून त्यांना आत बसवलं. आचल सोबत गेली.

काका वाचले. पण हृदयाचा एक भाग कायमचा निकामी झाला. डॉक्टर म्हणाले, दोन तास आधी आणायला पाहिजे होतं. आता काका शेतात जात नाहीत. समोरच्या ओट्यावर बसतात आणि थोडं चाललं की धापा टाकतात.

मला वाटलं, विमलाबाई आता शिव्या घालतील. काका दवाखान्यातून घरी आले त्या दिवशी त्या आल्या, आचलच्या गालावरून हात फिरवला. "तुवं काई नाई चुकलं, माय. तूच नेलं म्हून हायेत ते." मग मान वर करून हिरालालकडं नाही, माझ्याकडं पाहिलं. "हे पाटी खोटी निघाली."

त्याच दिवशी आचलनं मला उतरवलं. हिरालालनं स्टूल धरलं.

आता मी दुकानाच्या मागं गोडाऊनमध्ये आहे, साखरेच्या पोत्यांआड. वरच्या खोलीत आचल आता अभ्यासाला येते, तिचं इंग्रजीतलं पाठांतर खाली ऐकू येतं. अडखळते, पुन्हा सुरू करते. परवा हिरालाल तिला म्हणाले, "पास झाली की हेच पाटी पुसून लावू." ती म्हणाली, "नाई बाबूजी. नवी करू. छोटी. अन् लिवायच्या आधी मले विचारजा."

म्हणजे ती पास झाली तरी मी दारावर जाणार नाही. जाऊ दे. मला भंगारवाल्याला द्या, माझी तक्रार नाही. फक्त तुम्हाला हात जोडून एक सांगणं आहे. त्या घरावरून जाताना पोरीला 'निकाल कवा हाये' म्हणून विचारू नका. ती अभ्यास करते आहे. करू द्या तिला.