माझ्या नावाचा अर्थ मला अक्रात कळला

मित्रांनो, मी लागोसची एक जुनी चौकटीची पिशवी आहे. निळ्या, लाल आणि पांढऱ्या पट्ट्यांची, वरून चेन असलेली. मला बसलेल्या धक्क्यातून मी अजून सावरलेली नाही, तेव्हा बोलण्यात मागेपुढे झाले तर सांभाळून घ्या.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. तिथे मला नाव नव्हते. नाव मिळाले ते लागोसच्या बालोगुन बाजारात. दुकानदारीण मला दोरीला टांगून दिवसभर ओरडायची, ‘घाना मस्ट गो!’ घानाला गेलेच पाहिजे, असा मी त्याचा अर्थ लावला. काय झोकदार नाव! प्रवास माझ्या नशिबातच लिहिलेला, असे समजून मी हुरळून गेले होते.

मला घेतले मोरेनिके नावाच्या मुलीच्या आईने. सुकी मासळी, कापडाचे तागे, वसतिगृहात जाणाऱ्या मोरेनिकेची पांघरुणे, सगळे मी वाहिले. असली मजबूत पिशवी पुन्हा मिळायची नाही, असे आई शेजारणींना सांगायची आणि मी आणखी फुगायची. पुढे घरात चाकांची बॅग आली, मी पलंगाखाली गेले आणि झुरळांनी माझ्यात संसार थाटला.

मग मोरेनिकेने अदाओरा आणि तारी या मैत्रिणींबरोबर घानाच्या राजधानीला, अक्राला, जायचे ठरवले. विमान परवडणार नव्हते, म्हणून बस. हॉटेलऐवजी ओळखीतल्या आराबा आंटींच्या घरची खोली. ऐनवेळी बॅगेचे चाक निखळले आणि मला झटकून बाहेर काढले. चालले बाई एकदाची घानाला!

पोरींनी अक्रा पायी पालथे घातले. माकोला बाजारात घासाघीस केली, समुद्रावर नाचल्या, एका ताटात तिघी जेवल्या. घरी एकट्या राहणाऱ्या आंटींनी तर त्यांना लेकीच मानले.

परतीच्या सकाळी आंटी अंगणात बसून वाटेसाठी केंकीचे, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे, गोळे बांधून देत होत्या. कुणाला काय आवडले याच्या गप्पा चालल्या होत्या. तारी म्हणाली, “सगळं छान होतं आंटी, पण जोलोफ भात आमचाच भारी. तुमचा आजाऱ्यानं खावा.”

“मग काल तीनदा वाढून घेतलास तो ताप आला होता म्हणून?” आंटी म्हणाल्या.

सगळ्या खिदळल्या. त्याच हसण्याच्या भरात मोरेनिके म्हणाली, “तारी, माझं ते घाना मस्ट गो इकडे ढकल गं.”

आंटींचा हात थांबला. केंकीचा गोळा त्यांनी खाली ठेवला. “पोरी, हे नाव माझ्या अंगणात नको.”

“आंटी, पिशवीचं नाव आहे. सगळे असंच म्हणतात.”

“का म्हणतात?”

तिघींपैकी एकीलाही सांगता येईना. मग आंटींनीच सांगितले. तरुणपणी त्या लागोसला शिवणकाम करायच्या. एके दिवशी सरकारी हुकूम सुटला की परक्या देशांतल्या लोकांनी निघून जावे. त्यांत घानाचे लोक लाखोंनी होते. हाताला लागेल ते त्यांनी अशाच चौकटीच्या पिशव्यांत कोंबले. आंटींचे शिलाई मशीन काही पिशवीत मावले नाही. जिच्या मुलांचे कपडे त्या शिवायच्या, ती शेजारीण खिडकीत उभी राहून हसत ओरडली, ‘घाना मस्ट गो!’ घानावाल्यांनो, चालते व्हा!

मित्रांनो, मी हादरले. ज्या नावाने मी मिरवत होते, ती माणसांना हाकलण्याची आरोळी होती!

आंटी म्हणाल्या, “त्याआधी आमच्या सरकारनंही तुमच्या लोकांना असंच काढलं होतं. माझ्या वर्गातली मैत्रीण एका सकाळी बाकावर नव्हती. तुम्हाला दोष कसा देऊ? पण ते नाव ऐकलं की अजून ती खिडकी दिसते.”

मोरेनिकेचा चेहरा उतरला. तिने माझ्यातले कपडे उपसले, चादरीत बांधले आणि मला कचऱ्याच्या ढिगावर टाकले. “हिला मी परत नेणार नाही,” ती म्हणाली. मला रडू येत होते, पण पिशवीला कुठले डोळे! माझा प्रवास तिथेच संपला असे मी धरून चालले.

तेवढ्यात आंटी उठल्या. त्यांनी मला उचलले आणि झटकले. “हुकूम काय पिशवीनं काढला होता? माझं उरलंसुरलं घर हिच्या बहिणीनंच तर सांभाळून आणलं.”

“मग तुम्ही हिला काय म्हणता?” मोरेनिकेने हळूच विचारले.

“आम्ही म्हणतो, एफिएवुरा, सुआ मे. म्हणजे, घरमालक, जरा उचलू लागा.”

मोरेनिकेने मला पुन्हा भरले. माझा एक बंद धरून तिने दुसरा आंटींपुढे केला आणि अडखळत ते शब्द म्हटले. आंटींनी बंद धरला. कोपऱ्यावरच्या बसपर्यंत दोघींनी मला मिळून नेले.

मित्रांनो, मी उसवले तर टाका घाला, धूळ बसली तर झटका, तेवढे मला पुरे. पण कशालाही नाव ठेवताना जपा, कारण नकळत तुम्ही कुणा माणसाला नावे ठेवत असता. परवा बालोगुन बाजारात एका फेरीवाल्याने मला त्याच जुन्या नावाने हाक मारली. मोरेनिके थांबली. या पिशवीला तसे म्हणू नका, असे तिने त्याला सांगितले.

“मग काय म्हणायचं?” तो म्हणाला.

तिने माझा एक बंद त्याच्यापुढे केला. “आधी उचलू लागा. मग सांगते.”