काकांची शेवटची पेरणी

जेवणं आटोपून काकूंनी भांडी घासायला घेतली, तोच खालून वायरमनने हाळी दिली की थोड्या वेळात अख्ख्या इमारतीची वीज बंद होणार. काकू हातातलं ताट तसंच टाकून बैठकीकडे धावल्या.

काका गेले त्या दुपारपासून बैठकीतला टीव्ही आणि त्याखालचं खेळाचं यंत्र त्यांनी बंद होऊ दिलं नव्हतं. काकांची हयात छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेली. शेत पाहिलं ते आगगाडीच्या खिडकीतून. निवृत्त झाल्यावर मुलीने हा खेळ आणून दिला आणि माणूस त्यात पार बुडाला. सकाळी टीव्हीतल्या शेतात पेरणी, दुपारी तलवार घेऊन गुहेतल्या राक्षसांशी मारामारी. वाफेसुद्धा असे आखायचे, की जणू जुळवलेल्या ओळीच. त्या दुपारी मोठ्या खुशीत म्हणाले होते, सगळं शेत पेरून झालं, आता गुहेत एक चक्कर मारून येतो. मग खेळ मध्येच थांबवून खुर्चीत जरा डोळे मिटले, ते मिटलेच.

या खेळात दिवस जमा व्हायचा तो घरी जाऊन झोपल्यावर. त्याआधी वीज गेली, की पेरणी झालीच नाही असं समजायचं. आणि काकांचा टोपीवाला बाहुला अजून गुहेतच उभा होता.

काकूंनी ओल्या हातांनीच बटणांचं खेळणं उचललं. धाकटी नणंद शेजारी येऊन बसली. पडद्याच्या कोपऱ्यात जिवाचं माप म्हणून लाल बदाम असायचे. त्यातला एकच उरला होता. तो संपला, तरी दिवस गेलाच.

अंधारातून पंखवाला राक्षस झेपावला. काकूंनी घाबरून दिसेल ते बटण दाबलं, तर बाहुल्याने झारी काढून त्याच्यावर पाणी घातलं.

"वहिनी, मारायचंय त्याला. रुजवायचं नाही."

काकूंना हसू आलं नाही. अर्धा बदाम विझला होता. त्यांनी बाहुल्याला जीव घेऊन पळवलं. भिंतींवर आपटत, दगडांना अडत तो एकदाचा उजेडात आला, वाफ्यांमधून घरात शिरला, पलंगाशी पोचला. पडद्यावर पाटी आली: झोपायचं? खाली हो आणि नाही.

काकूंचा अंगठा 'हो'वर येऊन थांबला.

"वन्सं, हे परत झोपले आणि..."

खालून वायरमनचा पुन्हा आवाज आला. नणंद पडद्याकडेच बघत होती.

"दादा जन्मभर पहिल्या गजराला उठला, वहिनी. एकदाच चुकला. दाबा."

काकूंनी दाबलं. पडदा काळाकुट्ट झाला. त्यांनी वर पाहिलं. पंखा फिरत होता. म्हणजे वीज होती, तरी काळोखच.

मग कोंबडा आरवला. बाहुला पलंगावर उठून बसला, टोपी नीट केली. काकूंनी त्याला हळूच दाराबाहेर आणलं. हिरवे कोंब सरळ ओळींत उभे होते. मधल्या ओळीत एक जागा रिकामी होती, खिळा निसटावा तशी. तिथलं बी कावळ्याने खाल्लं असणार.

पंखा मंदावला, पडदा विझला.

"उठले," काकू पुटपुटल्या.

नणंदेने ते खेळणं त्यांच्या हातातून काढून घेतलं. "वीज आली की पाणी घाला. आता झारी चालेल."